झॅटरॅन्स क्रॅब बॉइल: पोतंभर क्रॉफिशला पिशवी, बाटली की पावडर?

अमेरिकेतल्या लुइझियानात मार्च ते मे हा क्रॉफिशचा भर. अंगणात प्रोपेनची शेगडी, तिच्यावर जाळीच्या टोपलीसकट ८० क्वार्टचा, म्हणजे साधारण ७५ लिटरचा टोप, आणि वर्तमानपत्रं अंथरलेल्या टेबलावर थेट ओतलेला लालभडक ढीग. शेवंडीच्या पिल्लासारखा दिसणारा हा गोड्या पाण्यातला जीव तिथे भाताच्या खाचरांत वाढवतात आणि जिवंतच विकतात, १४ ते १६ किलोच्या जाळीदार पोत्यांतून. टरफल फार आणि मांस थोडं, त्यामुळे माणशी दीड-दोन किलो धरावे लागतात. एक पोतं आठ-नऊ जणांना पुरतं.

या उकळीच्या मसाल्याला तिथे ‘क्रॅब बॉइल’ म्हणतात. न्यू ऑर्लीन्सचं झॅटरॅन्स १८८९पासूनचं, आणि या मसाल्यात सर्वात ओळखीचं नाव. मात्र या एका नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू मिळतात. त्यांतली कोणती घेतली हे न पाहता मीठ घातलं की पोतंच्या पोतं वाया जातं.

पहिली ८५ ग्रॅमची पिशवी. आत अख्खा मसाला: मोहरी, धने, बाळंतशोप, ऑलस्पाइस (लवंग-दालचिनीच्या वासाचे मिरीसारखे दाणे), लाल मिरची आणि बे लीफ. हे पान आपल्या तमालपत्राचं नव्हे. आपलं दालचिनीकडे झुकतं, हे लॉरेलचं, जास्त हिरव्या वासाचं. पिशवीचा सुवास तिघांत सर्वात चांगला. पण तिच्यात मीठ अजिबात नाही, आणि एका पिशवीचा जोर दोन-अडीच किलो कोळंबीपुरताच. पोत्याला सहा पिशव्या लागतील, शिवाय दीड किलो मीठ. ती पाण्यात निदान १५ मिनिटं आधी उकळू द्या, नाहीतर अख्ख्या मसाल्याचा अर्क उतरत नाही.

दुसरी बाटली, मसाल्यांचा दाट अर्क. हिच्यातही मीठ नाही. तिखटपणा झटकन येतो आणि ओठांवर रेंगाळतो, पण नुसत्या बाटलीवर केलेली उकळ एकसुरी लागते. पोत्याला २४० मिलिलिटर भरपूर झाले. वाफाळत्या टोपावर वाकून ओतू नका, वाफेने डोळे आणि घसा पेटतो. हाताला लागलं तर साबणाने धुवा.

तिसरी पावडर, मीठ आधीच मिसळलेली. एका पोत्याला दोन किलो, आणि वरून मीठ चिमूटभरही नाही. अंदाज चुकायला जागा सर्वात कमी, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने हीच घ्यावी. बॅटन रूजच्या लुइझियाना फिश फ्राय या कंपनीचीही अशीच पावडर मिळते आणि तीही तितकीच भरवशाची. आमची पसंती मिश्रणाला: पावडर दोन किलो, बाटली १२० मिलिलिटर, एक पिशवी सुवासासाठी. मीठ पावडरीतून, तिखट बाटलीतून, वास पिशवीतून.

मसाला कोणताही घ्या, तो मांसात शिरतो तो आच बंद केल्यावर. उकळताना मांस फक्त शिजतं, टोप निवू लागला की रस आत ओढला जातो. म्हणून टोपात पाणी ३० लिटरच ठेवा, निम्म्याहून कमी. आधी मसाला, १० लिंबं पिळून सालांसकट, ६ कांदे, १० लसणाचे गड्डे आणि दोन किलो लहान लाल बटाटे घालून १५ मिनिटं उकळा. मग क्रॉफिश सोडा, झाकण लावा, पुन्हा खळखळून उकळी फुटली की ३ मिनिटं मोजा आणि आच बंद. लगेच गोठवलेली मक्याची कणसं टाका, बाहेरून टोपावर नळीने गार पाणी मारा. तरंगणारे क्रॉफिश हळूहळू तळाशी बसू लागतात, तीच मुरल्याची खूण. १५ मिनिटांनी एक सोलून चाखा, मग दर पाच मिनिटांनी. अर्ध्या तासापलीकडे जाऊ नका. टोप गरमच राहिला तर मांस मऊ पडून टरफलाला चिकटतं आणि दोष मसाल्याला मिळतो.

वरून कोरडी पावडर भुरभुरवण्याची रीत आहे, ती आम्हाला पटत नाही. मीठ टरफलावर आणि बोटांवर राहतं, मांस आतून फिकंच.

मिठाच्या पाण्यात भिजवून क्रॉफिशचं पोट साफ होतं ही समजूतही सोडा. तसं होत नाही, उलट ते हैराण होऊन मरतात. चिखल जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवायचं, मेलेले वेचून फेकायचे. उकळेपर्यंत पोतं सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा. पाण्यात बुडवून ठेवलंत तर हवा न मिळून गुदमरतील. आणि जिवंत ज्या खोक्यात होते त्यात शिजलेले परत घालू नका.

शेगडीबद्दल एकच. सिलिंडरची चावी झटक्याने उघडली तर रेग्युलेटर गॅस अडवतो, ज्योत मिणमिणते आणि ३० लिटर पाणी तासभर उकळत नाही. सगळं बंद करा, दोन मिनिटं थांबा, चावी हळू उघडा. शेगडी नेहमी उघड्यावर, गॅरेजमध्ये कधीच नाही.

ह्यूस्टनकडच्या मराठी घरांत पंगतीला शाकाहारी असतातच. त्यांचे बटाटे, कणसं, लसूण वेगळ्या पातेल्यात, पाच लिटर पाण्याला ३०० ग्रॅम पावडर घालून करा. पुडीवरचे घटक मात्र आधी वाचा. बटाटा तिखट फार शोषतो, लहान मुलांचे २० मिनिटांत बाहेर काढा. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्याला क्रॉफिश देऊ नका, आणि मोठ्या टोपातला बटाटाही नाही.

उरलेले त्याच रात्री सोलून गोठवा. टोपातलं पाणी हिरवळीवर ओतू नका, मिठाने गवत जळतं.