साडेसातशेचा मल्टीमीटर आणि आजोबांचा फर्ग्युसन: नऊ महिन्यांनंतर

मार्चमध्ये हा पिवळा डिजिटल मीटर घेतला तो घरच्या स्विचबोर्डासाठी. पण त्याचं खरं काम निघालं नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत, आजोबांच्या फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरवर. १९४६ ते १९५६ मध्ये इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीला बनलेलं हे करडं यंत्र. आमचा पेट्रोलवाला, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या कॉइल, पॉइंट, प्लग सगळ्यांचे लाड करावे लागतात. सेल्फ मारायला गिअरचा दांडा 'एस' वर न्यायचा. पाहुण्यांना ही गंमत दाखवण्यातच निम्मी बॅटरी जाते.

सेल्फ कण्हत फिरायचा, बॅटरी आठवड्यात उतरायची आणि अर्धा तास चालून इंजिन गपकन बंद. वाडीच्या एका इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडायच्या आत निकाल दिला, "डायनॅमो खतम जी भाऊ, अल्टरनेटर टाकून घ्या." डायनॅमो म्हणजे बॅटरी चार्ज करणारं जुन्या धाटणीचं जनित्र, अल्टरनेटर हा त्याचा नवा अवतार. मला हा निकाल पटला नाही. पैसे वाचवायचे होते, हेही खरंच.

बॅटरी मोजली तर १२.६ व्होल्ट. चांगलीच की! इथे मी दोन दिवस फसलो. मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडामधूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. ठिबकचा व्हॉल्व्ह बंद असताना गेजवर प्रेशर भरपूर दिसतं, तसंच. मग सेल्फ मारताना मोजलं. या ट्रॅक्टरवर बॅटरीचा प्लस बॉडीला असतो, म्हणून मीटरची एक काडी प्लसच्या खुंटीवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर. १.४ व्होल्ट! तिथे अर्धा व्होल्टही जास्तच समजायचा. बॅटरीला बॉडीशी जोडणारी पट्टी सोडली तर खाली करडा रंग. गेल्या पोळ्याला हौसेने ट्रॅक्टर रंगवला होता, तोही पट्टीसकट. पॉलिश पेपरने घासून पट्टी पुन्हा आवळली, ०.१५ वर आलं. खर्च शून्य.

डायनॅमोचं लवकर उरकलं. त्याच्या एफ (फील्ड) खुंटीची तार सोडून डी (आउटपुट) खुंटी आणि बॉडी यांच्यात मोजलं, इंजिन जरा वेगात. आतल्या लोखंडात उरलेल्या शिल्लक चुंबकत्वावर दीड ते तीन व्होल्ट यायला हवेत, आले ०.२. कार्बन ब्रश अडकले होते, ते ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर काळा पडला होता. साफ केलं, एफला बॅटरीच्या मायनसची तार क्षणभर टेकवून चुंबकत्व परत जागवलं. आता बॅटरीवर १४.२ दिसतात. अल्टरनेटरचे पैसे वाचले, त्यातून बागेसाठी कॅनव्हासचे पाइप आले.

खरा छळ कॉइलने केला. गार असताना सगळं ठीक, तापली की ठिणगी गायब. मीटर २०० ओहमवर ठेवला, आधी दोन्ही काड्या एकमेकींना लावल्या: ०.४. हे वजा करायचं, नाहीतर आकडा चुकतो. कॉइलच्या प्रायमरीचे, म्हणजे बॅटरीकडच्या वेटोळ्याचे, निघाले १.५ ओहम. बॅलास्ट रेझिस्टर (करंट आवरणारा वेगळा रोध) नसलेल्या १२ व्होल्टच्या कॉइलला साधारण ३ लागतात. कोणीतरी बॅलास्टवाली कॉइल बसवली होती, रेझिस्टर मात्र नव्हताच. ४ ॲम्पिअरच्या जागी ८ ओढत होती, म्हणूनच पॉइंटही जळत होते. योग्य कॉइल आणि नवा कंडेन्सर टाकला, त्यानंतर एकदाही रस्त्यात थांबलो नाही.

आता मीटरच्या तक्रारी. इंजिन चालू असताना प्लगच्या तारांजवळ नेला की वेडा होतो: ३, ८७, ४१, काहीही. ठिणगीचा त्रास आहे हे समजायला वेळ लागला. त्यासाठी शेवटी जुना काट्याचा मीटर आणला, शिवाय होल्डरमधला २१ वॉटचा बल्ब. बल्ब खराब जोड ताबडतोब पकडतो, कारण तो करंट मागतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक नऊ दिवसांत, उन्हात ठेवला तर स्क्रीन काळी ठिक्कर पडते. सावलीत दहा मिनिटं ठेवली की माणसात येते. १० ॲम्पिअरच्या भोकात फ्यूजच नाही, ही कंपनीने कंजूषी केली आहे. माझ्या चुलतभावाने काडी त्या भोकातच असताना बॅटरीला लावली, आणि वायरीचं प्लास्टिक वितळलं. सेल्फचा करंट याने मोजायचा विचारही करू नका.

डिसेंबरात मीटरने चार्जिंगला १५.६ दाखवले. चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला म्हणून त्याचं झाकण उघडलं, स्प्रिंगला हातही लावला. संध्याकाळी लक्षात आलं, स्क्रीनच्या कोपऱ्यात बॅटरीचं इवलंसं चिन्ह उगवलंय. मीटरचा ९ व्होल्टचा सेल संपत आला की हा आकडे फुगवून सांगतो. नवा सेल टाकला: १४.२. पण स्प्रिंग मी हलवली होती, त्यामुळे ती परत बसवण्यात आणखी एक रविवार गेला.