मिया हॅम सॉकर ६४: नाव मोठं, खेळ मध्यम

निन्टेंडो ६४ या गेम कन्सोलसाठी 2000 साली आलेली ही फुटबॉल गेमची कार्ट्रिज, अमेरिकन फुटबॉलपटू मिया हॅमच्या नावाची. 10 जुलै 1999 ला रोझ बोलमध्ये 90,185 प्रेक्षकांसमोर महिला विश्वचषकाच्या फायनलमध्ये अमेरिकेच्या मुलींनी चीनला पेनल्टीवर हरवलं, आणि त्या लाटेवरच ही निघाली. खेळ मुळात तो बनवणाऱ्या सिलिकॉन ड्रीम्स कंपनीच्याच पुरुषांच्या फुटबॉल गेमवर बेतलेला आहे, आणि ते लपत नाही. 1987 मध्ये पंधराव्या वर्षी संघात आलेल्या, पुढे 158 आंतरराष्ट्रीय गोल करणाऱ्या 9 नंबरच्या हॅमला याहून बरं काही मिळायला हवं होतं. तरी फक्त महिला खेळाडूंचा फुटबॉल गेम तेव्हा दुकानात दिसणं हीच नवलाई.

घेणाऱ्यांसाठी: कार्ट्रिज एनटीएससी, म्हणजे अमेरिकन टीव्ही पद्धतीची आहे, युरोपच्या पाल पद्धतीच्या कन्सोलवर चालत नाही. अमेरिकन कन्सोल घेतलंत तर त्याचा अ‍ॅडाप्टर 120 व्होल्टचा. आपल्या 230 व्होल्टला थेट लावला की गेलाच. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. पडदा काळा राहिला तर फुंकर मारू नका, ओलाव्याने पिना गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला कापसाचा बोळा फिरवा, पूर्ण सुकू द्या. संग्रहासाठी घ्या. नुसतं खेळायचं असेल, तर पैसे वाचवा.