नानांचं सीपॅप मशीन: हिवाळा, उन्हाळा आणि अर्ध्या पावसाळ्यानंतर

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास थांबणाऱ्यांना मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन. ते कसं आहे हे सांगण्याआधी नाना झोपेच्या तपासणीला कसे तयार झाले ते सांगते. बहुतेक घरांत गाडी तिथेच अडते, मशीनपर्यंत पोचतच नाही.

नाना नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेत. आमच्याकडे घोरण्याला कुणी आजार मानतच नाही. घोरतो म्हणजे गाढ झोप लागली, असाच सगळ्यांचा समज. पण नाना पेपर वाचता वाचता पेंगायचे, सकाळी डोकं जड असायचं, रात्री लघवीला उठणं वाढलं होतं आणि बीपीच्या गोळ्या वाढवूनही बीपी आटोक्यात येत नव्हतं. आई म्हणायची, "घोरणं मध्येच थांबतं ना, तेव्हा मला जास्त भीती वाटते." माझा जीव मात्र त्यांच्या स्कूटरमुळे टांगणीला लागायचा. द्वारका चौकातल्या त्या वाहतुकीत डुलकी लागली तर?

आम्ही आग्रह केला की ते चिडायचे. शेवटी आईने फोनवर रात्रीचा आवाज रेकॉर्ड केला आणि मी काही न बोलता तो त्यांना ऐकवला. घोरणं, मग शांतता, मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास. नाना घड्याळाकडे बघत ती शांतता मोजत होते. "हा मीच का?" एवढंच विचारलं आणि डॉक्टरांकडे यायला हो म्हणाले. रेकॉर्डिंगवरून निदान होत नाही, त्यासाठी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास मोजणारी तपासणीच लागते. पण जे माणसाला स्वतःला कधीच ऐकू येत नाही, ते त्याला एकदा तरी ऐकू यायला हवं.

डॉक्टरांनी घरीच करायची तपासणी सांगितली: छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला क्लिप. 'हॉस्पिटलात झोपणार नाही' ही नानांची अट आपोआप पाळली गेली. श्वास किमान १० सेकंद थांबला की तो एक खंड धरतात. असे पूर्ण खंड आणि श्वास उथळ होण्याचे प्रसंग मिळून तासाला सरासरी किती, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ च्या खाली ठीक, ३० च्या वर तीव्र. नानांचा ३८ आला. हृदयविकार किंवा फुप्फुसाचा जुना त्रास असेल तर घरची तपासणी पुरेशी नसते, हे डॉक्टरांनी आधीच विचारून घेतलं होतं.

मशीनचं नाव काढताच "मला काय व्हेंटिलेटर लावताय?" सुरू झालं. व्हेंटिलेटर नव्हे, हे फक्त हवेचा हलका दाब देऊन झोपेत मिटणारा घसा उघडा ठेवतं, श्वास आपला आपणच घ्यायचा. शेजारच्या काकांनी 'नवीन फॅड' म्हटलं, तेव्हा नानांना सांगितलं की ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी ही पद्धत १९८१ मध्येच मांडली. तरी मशीन आधी भाड्याने आणलं. 'नाही जमलं तर परत' हे ठरल्यावर त्यांचा विरोध निम्मा झाला.

आता मुख्य गोष्ट. सगळे मशीनच्या मॉडेलची चर्चा करतात, पण खरी परीक्षा मास्कची असते. विक्रेत्याने खुर्चीत बसवून, मशीन बंद असताना तोंड-नाक झाकणारा मास्क लावून दाखवला आणि 'फिट' म्हणाला. रात्री हवा सुसू करत डोळ्यांत. कारण साधं होतं: नाना रात्री कवळी काढतात, गाल आत जातात, शिवाय भरघोस मिशी. मास्क आडवं झोपून, कवळी काढून, हवा चालू ठेवूनच बघायला हवा. शेवटी नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क जमला. मिशीही राहिली! तोंड उघडं पडायचं, त्याला हनुवटीचा पट्टा लावला.

सवय दिवसा लावली. बातम्या बघताना मास्क घालून बसायचे. रात्री रॅम्प चालू, म्हणजे दाब हळूहळू चढतो.

नाशिकच्या थंडीत वेगळीच अडचण आली. हवेत ओलावा मिसळणाऱ्या ह्युमिडिफायरमधल्या वाफेचं गार नळीत पाणी होऊन नाकावर थेंब. नळी रजईखालून घेतली, ओलावा एक पायरी कमी केला, थांबलं. टाकीत डिस्टिल्ड वॉटर, रोज ताजं. उन्हाळ्यात लाइट गेली की इन्व्हर्टरवर चालतं. त्या वेळी ह्युमिडिफायर बंद ठेवतो, बॅटरी जास्त पुरते.

फरक? डोकं जड होणं गेलं, दुपारचं पेंगणं गेलं, रात्रीचं उठणं खूप कमी झालं. बीपी सुधारलं, पण गोळ्या सुटलेल्या नाहीत. मशीन घेतलं की गोळ्या बंद, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नाकाशी वळ उठतो. सर्दीत एखादी रात्र सुटते.

जन्मभर मोजणीत गेलेला माणूस आता सकाळी मशीनवरचे तास, मास्कमधून होणारी हवेची गळती आणि एएचआय वहीत स्वतः लिहितो. आम्ही त्या वहीला हात लावत नाही. मला वाटतं, मशीन टिकलं ते यामुळे. एएचआय बहुतेक दिवशी ५ च्या आत असतो. वाढला तर "उशी सरकली असेल" म्हणून कारणही तेच शोधतात.

मशीन आता विकतच घेतलंय. लग्नाकार्याला बॅगेतून नेतो. नेताना टाकी आधी रिकामी करा, पाणी मशीनच्या आत शिरलं की दुरुस्ती महागात पडते.