कोल्हापुरात दुपारचं उंची जेवण: टेबल ठरवण्याआधी पांढरा रस्सा बघा

कोल्हापुरात मटणाच्या चवीसाठी महागड्या हॉटेलात जायची गरज नाही. लक्ष्मीपुरीतल्या पद्मा गेस्ट हाऊससारख्या जुन्या ठिकाणी साध्या बाकड्यावर उत्तम थाळी मिळते. उंची रेस्टॉरंटात आपण जास्तीचे पैसे मोजतो ते जागेसाठी, शांततेसाठी आणि वेळेसाठी. सासू-सासरे सोबत आहेत, पुण्या-बंगळूरहून व्यवहाराला कोणी आलंय, मुलाकडची मंडळी मुलगी बघायला आलीत, अशा दिवशी हे पैसे सार्थकी लागतात. पण जेवणाने मान खाली घालायला लावू नये, आणि नेमकी तिथेच बरीच चकचकीत ठिकाणं कमी पडतात.

पारखायला एक वाटी पुरते: पांढरा रस्सा. मटण आळणी शिजवून निघालेलं पाणी, ओल्या नारळाचं दूध, खसखस, थोडे काजू किंवा तीळ, मिरी, लवंग, दालचिनी. यात लपवायला तिखट नाही, रंग नाही. चांगला रस्सा पळीतून पातळ धारेने पडतो. वास आधी नारळाचा येतो, मग मिरीचा, आणि घोट खाली उतरल्यावर मटणाचा. वर बारीक कण आणि तेलाचे ठिपके तरंगत असतील तर तो फाटलाय. नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळलं, किंवा सकाळचा रस्सा पुन्हापुन्हा तापवला, की हे होतं. रस्सा वाटीच्या कडेला चिकटून राहतो आणि निवल्यावर वर साय धरतो, तर त्यात कॉर्नफ्लॉवर किंवा मैदा आहे. गोडसर लागला तर काजूची पेस्ट सढळ पडली आणि मटणाचं पाणी कमी पडलं. ज्या किचनला हा जमतो, त्याचं बाकीचं मटण सहसा चुकत नाही.

तांबड्या रश्श्याची खूण वेगळी. तवंग लाल हवा, पण बोटाला रंग लागता कामा नये. नुसतं घशात टोचलं आणि मटणाची चव आलीच नाही, तर ती गरम पाण्यात कालवलेली कांदा-लसूण चटणी समजा. मेनूतली ‘व्हेज कोल्हापुरी’ मात्र पाहुण्यांना आमची खासियत म्हणून खाऊ घालू नका. वर सुक्या मिरच्या ठेवलेली ती लाल ग्रेव्ही हॉटेलांची आहे, घरच्या चुलीवरची नाही. शाकाहारी मंडळींसाठी अख्खा मसूर, भरलं वांगं, पिठलं आणि खर्डा मागवा. अंबाबाईचं दर्शन करून आलेली माणसं असतील तर शाकाहारी पदार्थांची भांडी, पळ्या आणि तळणाचं तेल वेगळं आहे का, हे फोनवरच विचारून घ्या. टेबलावर बसल्यावर विचारलं की वेटर ‘हो’च म्हणतो.

बुफे की थाळी, यावर घराघरांत वाद होतो. दहा-बारा माणसं, त्यात लहान मुलं आणि प्रत्येकाची आवड वेगळी असेल तर बुफे बरा. फक्त तो उघडतो त्या पहिल्या अर्ध्या तासात पोहोचा. खालून गरम ठेवलेल्या भांड्यात रस्सा तासाभरात आटतो आणि खारट होतो, पांढरा तर फाटतोच. म्हणून बुकिंग करतानाच विचारा: रस्सा किचनमधून वाटीत आणून द्याल का? सांभाळून घेणारं हॉटेल लगेच हो म्हणतं, आणि या एका उत्तरावरून मला तरी त्या जागेचा बराच अंदाज येतो. वयस्कर माणसं कमी जेवतात, त्यांच्यासाठी माणशी ठरलेला बुफेचा दर फुकट जातो. तिथे थाळी घ्या, नाहीतर सुटं मागवा. सुट्या मटणाच्या प्लेटमध्ये फोडी किती आणि त्यात नुसती हाडं किती, हे आधी विचारण्यात लाज वाटू देऊ नका. रस्सा पुन्हा मिळतो का, त्याचे वेगळे पैसे आहेत का, हेही तेव्हाच.

वेळ साडेबाराची धरा, फार तर एकची. भाकरी हाताने थापली जाते. दोन वाजता सगळी टेबलं भरली की ती टेबलावर येईपर्यंत रस्सा गार होतो, नाहीतर आधी थापून ठेवलेली वातड भाकरी मिळते. तीनच्या सुमारास बऱ्याच किचनमध्ये शेवटची ऑर्डर घेतात. बुधवारी आणि रविवारी टेबल राखून ठेवल्याशिवाय जाऊ नका. रविवारी अंबाबाई आणि जोतिबाला आलेल्या गाड्यांचीही भर असते, त्यामुळे महाद्वार रोड, बिंदू चौकाकडचं ठिकाण टाळून ताराबाई पार्क, कावळा नाका किंवा हायवेच्या बाजूचं, स्वतःचं पार्किंग असलेलं ठिकाण निवडा. श्रावणात मटणाचा खप उतरतो, म्हणून त्या महिन्यात मटण आजचंच आहे ना, एवढं विचारा.

फोनवर आणखी दोन गोष्टी. शेजारच्या हॉलमध्ये त्या दुपारी बारसं, साखरपुडा आहे का? असला तर साउंड सिस्टीमपुढे बोलणं संपलं. आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला पायऱ्या किती चढाव्या लागतील? ‘लिफ्ट आहे’ म्हणतात, पण लिफ्टपर्यंत जायलाच पाच पायऱ्या असतात.

आता बिल. एकाच जेवणाचं बिल दोन ठिकाणी किती वेगळं येतं ते बघा. जेवण ४,००० रुपयांचं. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के जीएसटी, म्हणजे ४,२००. पण ज्या हॉटेलात आदल्या आर्थिक वर्षात एखादी जरी खोली दिवसाला ७,५०० रुपयांहून जास्त दराने दिली गेली, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के लागतो, म्हणजे ४,७२०. एप्रिल २०२५ पासून हा हिशेब असा आहे. वर १० टक्के सेवाशुल्क लावलं तर जीएसटी त्याच्यावरही चढतो आणि आकडा ५,१९२ वर जातो. म्हणून मेनूवरच्या दरांची तुलना करून उपयोग नाही, ‘टॅक्स धरून किती’ असंच विचारा.

सेवाशुल्क देणं ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. पाहुण्यांसमोर घासाघीस नको म्हणून यजमान गप्प बसतो. त्यापेक्षा बुकिंगच्या वेळीच ‘सेवाशुल्क लावू नका’ असं सांगून ठेवा. सेवा आवडली तर टीप वाढणाऱ्याच्या हातात द्या. तरीही लावलंच तर काउंटरवर जाऊन काढून मागा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. बिल जपून ठेवा, कारण तक्रार नोंदवताना ते लागतं.