खडकीची वॉर सिमेट्री: खाली बसून वाचा

पाचपैकी पाच तारे. महायुद्धांत गेलेल्या सैनिकांची ही दफनभूमी पुण्यात होळकर पुलाजवळ, मुळा रोडला आहे. रिक्षावाल्याला नुसतं 'युद्धस्मारक' सांगितलंत तर तो घोरपडीच्या दुसऱ्याच स्मारकाला नेऊन सोडेल, म्हणून 'खडकीची वॉर सिमेट्री' असंच सांगा. तिकीट नाही. पाण्याची बाटली बरोबर ठेवा आणि ऊन चढायच्या आत जा.

दुसऱ्या महायुद्धातली १,६६८ थडगी इथं आहेत. पहिल्या युद्धातल्या ६२९ जणांना १९६२ साली मुंबईच्या शिवडीहून इथं आणलं. अधिकारी असो की साधा शिपाई, दगड एकाच मापाचा. वर पलटणीचं चिन्ह, मग नंबर, हुद्दा, नाव, तारीख, वय. आणि पार बुडाशी, झाडांच्या पानांआड, काही दगडांवर घरच्यांनी कोरून घेतलेली एक ओळ असते. उभ्यानं ती दिसतच नाही. मी गुडघे टेकून, पानं बाजूला करून वाचली. कुणाच्या आईची, कुणाच्या बायकोची. सोबत माझी भाची होती, एकोणीस वर्षांची. तीन दगडांवर लागोपाठ वीस-एकवीस वय वाचल्यावर ती बोलायचीच थांबली.

आम्ही माणगाव तालुक्यातले. आजोबांचे धाकटे भाऊ मराठा पलटणीतून इटलीला गेले ते आलेच नाहीत. घरी तार आली, बाकी काही नाही. आमच्याच तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला इटलीत मशीनगनच्या मोर्चावर एकटे चालून गेले आणि तिथंच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला, पण त्यांचं थडगं नाही. नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर कोरलंय. माझी पणजी काही तिकडं जाऊ शकली नाही, तशाच इथल्या कितीतरी आयांनी खडकी कधी पाहिली नसेल. त्यांच्या मुलांच्या दगडालगतची माती मात्र भुसभुशीत होती, नुकतं पाणी घातलेलं. माळीदादा एकेका रोपाचं सुकलेलं पान हातानं खुडत होते. ते बघून मला फार बरं वाटलं.

लग्नाआधीचे फोटो काढायला कृपा करून इथं येऊ नका. त्या दिवशी एक जोडपं दगडाला टेकून उभं होतं, मी जाऊन सांगितलं. ऐकलं त्यांनी.

निघताना भाची पहिल्या रांगेकडे परत गेली. एक ओळ वाचायची राहिली होती म्हणे.