नाशिकमधलं ‘कोर्ट मॅरेज’: ट्रान्स जोडप्यांसाठी कितपत कामाचं?

विशेष विवाह कायदा, १९५४ खालच्या लग्नाला आपल्याकडे सरसकट कोर्ट मॅरेज म्हणतात. प्रत्यक्षात कोर्टाचा संबंध नसतो, लग्न विवाह अधिकारी लावतात. ज्यांची लिंगओळख जन्मावेळच्या नोंदीपेक्षा वेगळी आहे अशा ट्रान्स व्यक्तींच्या जोडप्यांसाठी ही सेवा कामाची आहे. समलिंगी जोडप्यांसाठी दार अजून बंदच आहे, आणि हा अन्याय आहे.

१७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. पण स्त्री-पुरुष नात्यातल्या ट्रान्स व्यक्तीला आहे त्याच कायद्यांखाली लग्न करता येतं, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं. म्हणजे ट्रान्स स्त्री आणि पुरुष, किंवा ट्रान्स पुरुष आणि स्त्री, यांचा अर्ज घ्यायलाच हवा. खिडकीवरून परत पाठवलं तर नकार लेखी मागा.

फाइल अडते ती बहुतेकदा कागदांवर. कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत वराचं एक घोषणापत्र आहे, वधूचं एक, आणि तिसरं नाहीच. आधारवर ‘ट्रान्सजेंडर’, जन्मदाखल्यावर जुनं नाव आणि पॅनवर भलतंच स्पेलिंग, अशी कागदपत्रं दिली तर कोणत्या रकान्यात कोण, हा प्रश्न उभा राहतोच. म्हणून आधी ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करून जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र मिळवा. अर्जाआधी तिथल्या ताज्या सूचना वाचा, कारण प्रमाणपत्राचे नियम बदलू शकतात. शस्त्रक्रियेनंतर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ नोंदीचं सुधारित प्रमाणपत्र २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याच्या कलम ७ खाली मिळतं. मग आधार, मग पॅन, आणि सगळं जुळल्यावर विवाह अधिकाऱ्याकडे लग्नाची नोटीस. एक बारकावा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो: त्याच कायद्यानुसार या प्रमाणपत्राच्या आधारे फक्त पहिलं नाव बदलतं. आडनाव बदलायचं तर राजपत्राची वाट वेगळी.

नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाचा जिल्ह्यात सलग ३० दिवस मुक्काम हवा. नोटीस लागल्यावर आक्षेपासाठी पुन्हा ३० दिवस. त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर घोषणापत्रावर सह्या होतात. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लावलं नाही तर ती बाद होते आणि सगळं पहिल्यापासून. ‘घरचे राजी नाहीत’ हा आक्षेप कायद्यात बसत नाही. आधीचा जोडीदार हयात असणं, वय, निषिद्ध नातं, मानसिक असमर्थता, असेच मुद्दे चालतात.

सगळ्यात धोक्याची जागा नोटीस फलक. नाव-पत्ता तिथे उघडा लागतो. कायमचा पत्ता धुळ्याचा किंवा जळगावचा असेल तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्यातही लागते. घरून धोका असलेल्यांनी हे आधीच गृहीत धरावं आणि राहण्याची सोय नोटिशीपूर्वीच करून ठेवावी.

‘एका दिवसात लग्न आणि सर्टिफिकेट’ सांगणाऱ्या एजंटांपासून लांब राहा. हिंदू विवाह कायद्याखाली विधीच झाले नसतील तर नुसत्या सर्टिफिकेटने लग्न वैध ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. समलिंगी जोडप्यांना नोटरी केलेला ‘विवाह करारनामा’ विकणारेही भेटतात. त्या कागदाने लग्न होत नाही. त्यावर पैसे घालू नका.

त्यापेक्षा हाताशी आहे ते पक्कं करा. समलिंगी जोडीदाराबरोबर संयुक्त बँक खातं उघडायला आणि त्याला नॉमिनी करायला आडकाठी नाही, असा खुलासा केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ ला केला आहे. रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकच कुटुंब धरावं, अशी केंद्राची राज्यांना सूचना आहे. बँकेच्या शाखेत ‘नातं काय’ विचारलं तर अर्थ मंत्रालयाचं ते पत्रक दाखवा. मृत्युपत्र मात्र दोघांनी आपापलं वेगळं करावं. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या, कारण पुढे नातेवाईक भांडायला येतात. साक्षीदार दोन लागतात, आणि ज्याच्या नावे मालमत्ता ठेवायची त्या जोडीदाराची साक्षीदार म्हणून सही कधीही घेऊ नका. घेतली तर त्याला दिलेला वाटा रद्द होऊ शकतो.