नाताळचा टीपॉय : ताजी मोरपंखी की तयार माळ?

सजावट किती दिवस मांडून ठेवायची, हे आधी ठरवा. डिसेंबर लागल्या लागल्या टीपॉय सजलेला हवा असेल, तर मोरपंखीच्या झुडपाच्या ताज्या पालवीच्या वाटेला जाऊ नका, प्लास्टिकची तयार हिरवी माळ घ्या. बडोद्याची थंडी सकाळ-संध्याकाळची. दुपारी पंखा फिरतोच, आणि पंख्याखाली कापलेली पालवी पाच-सहा दिवसांपलीकडे तग धरत नाही. २२-२३ तारखेला मांडायचं असेल तर मात्र ताज्याला तोड नाही.

दोन्हींत एक गोष्ट सारखी, ती म्हणजे ट्रे. टीपॉय ही जेवणाच्या टेबलासारखी रिकामी जागा नव्हे. त्यावर चहा येणार, लीलो चेवडो (बडोद्याचा ओलसर चिवडा) येणार, केकच्या बशा येणार. म्हणून सगळी मांडणी एका ट्रेमध्ये करा, म्हणजे एका हाताने उचलून बाजूला ठेवता येईल. ४ बाय २ फुटांच्या टीपॉयला १८ बाय १० इंचांचा ट्रे पुरे. उंची १२ इंचांच्या आत ठेवा. समोरच्या सोफ्यावरच्या माणसाशी मान वाकडी करून बोलायची वेळ आली, की सजावट चुकली.

ताजी मांडणी करायची तर मोरपंखीच्या ८-१० फांद्या, थोडं शतावरीचं पान आणि सात-आठ लाल गुलाब किंवा कार्नेशन एवढंच आणा. फुलांसाठी सकाळी लवकर खंडेराव मार्केट गाठा. आसोपालव तोरणाला छान, इथे नको. फुलवाल्यांकडे मिळणाऱ्या हिरव्या फोमची अर्धी वीट लागते. ती पाण्यावर नुसती ठेवा, आपोआप बुडू द्या. घाईने हाताने दाबली की हवा आत अडकते, मधला भाग कोरडा राहतो, आणि तिथे खोचलेली फुलं दुसऱ्याच दिवशी माना टाकतात. ‘फुलंच शिळी दिली’ म्हणून फुलवाल्याशी भांडण होतं ते बहुतेक वेळा यामुळेच. देठ तिरका कापा, खालची पानं काढा आणि एकदाच खोचा. उपसून त्याच भोकात परत घातलं तर देठाखाली पोकळी राहते आणि पाणी चढत नाही. रोज अर्धा कप पाणी घाला. फोम कुजत नाही, तेव्हा नंतर तो कुंडीत किंवा खतात टाकू नका.

हे सगळं जमणारं नसेल तर नर्सरीतून पॉइन्सेटियाची एक कुंडी आणा. तिच्यात दिसतं ते लाल फूल नव्हे, पानंच असतात. खरी फुलं मधली पिवळी बारीक. कुंडीभोवतीचा चकचकीत कागद मात्र खालून फाडा. त्यात पाणी साचून मुळं कुजतात आणि पानं पिवळी पडून गळतात.

तयार माळेचं काम पहिल्या तासाचं. खोक्यातून आलेली माळ दबून चपटी झालेली असते. तशीच ठेवली तर बाटली धुवायच्या ब्रशसारखी दिसते. मधल्या तारेपासून सुरुवात करून एकेक काडी बाहेर वळवा, एक वर, एक डावीकडे, एक उजवीकडे. सहा फुटी माळ दुहेरी पिळून ट्रेच्या कडेने फिरवा. चमकी लावलेली माळ घेऊच नका. ती चमकी चहात पडते आणि उत्तरायणापर्यंत सतरंजीतून निघत नाही.

दिव्यांच्या बाबतीत माळेबरोबर सेलवरची तांब्याच्या तारेची लाइट, पिवळसर प्रकाशाची. पांढऱ्या-निळ्या प्रकाशात हिरवं काळपट आणि लाल मळकट दिसतं. भिंतीच्या प्लगवरची झालर टीपॉयपर्यंत आणू नका, वायर नेमकी पायात येते. सण झाला की सेल काढून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी डबीत गंज सापडेल.

मेणबत्ती खुलते ताज्या पालवीत, पण धोकाही तिथेच. सुकलेली मोरपंखी तेलकट असते, भुर्रकन पेटते. पालवी आणि ज्योत यांत सहा इंच अंतर ठेवा, वात पाव इंचाची कापा आणि पंखा बंद करा. दोन इंच जाडीची मेणबत्ती पहिल्यांदा दोन तास जळू द्या. वरचं मेण कडेपर्यंत वितळलं नाही तर पुढे मधोमध खड्डा पडत जातो. बर्फ म्हणून कापूस पसरायची हौस असेल तर मेणबत्ती नकोच. घरात रांगतं मूल असलं तरी हाच नियम.

टीपॉय संखेड्याचा (गुजरातेतल्या संखेडा गावच्या रंगीत लाकूडकामाचा) असेल तर आणखी एक. त्यावर लाखेचा मुलामा असतो आणि लाख उष्णतेने मऊ पडते. मेणबत्तीच्या बशीखाली लाकडी किंवा बुचाची चकती हवी, फोमच्या भांड्याखाली कोरडा नॅपकिन. आणि त्या लाल-सोनेरी नक्षीवर सोनेरी गोळे मांडू नका. तिथे नुसता हिरवा रंग उठून दिसतो.

महिनाभर टिकवायचं आहे आणि ताजंही हवं आहे, तर तळाला माळ ठेवा. २४ तारखेला तिच्यात पाण्याने भरलेल्या, ऑर्किडबरोबर मिळतात तशा छोट्या नळ्या खोचा आणि प्रत्येकीत एक गुलाब. चौथ्या दिवशी गुलाब काढून टाका, माळ आहे तशी राहू द्या.